साडेसात ओहम

शाळेच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये मावशींची सत्तावीस वर्षं गेली होती. टेबलं पुसायची, बॅटऱ्या तपासायच्या, वायरींची टोकं घासून लख्ख करायची आणि मुलं यायच्या आत पाचही टेबलांवर जोडणी मांडून ठेवायची, हे त्यांचं काम. कुठल्या मीटरचा काटा शून्यावर नाही, हे त्यांना दारातूनच दिसायचं. गणिताशी मात्र कधी गाठ पडली नव्हती. शाळा सातवीतच सुटलेली. "सर, तुम्ही आकडे बघा, मी काटे बघते," असं त्या म्हणायच्या आणि सर हसायचे.

निवृत्तीला चार महिने उरले होते. त्या दुपारी तास सुटला तरी एक मुलगी टेबलापाशीच उभी. आवाज बारीक म्हणून वर्ग तिला चिमणी म्हणायचा. तिच्या जर्नलवर सरांनी लाल शाईने ‘पुन्हा करा’ लिहिलं होतं. तिसऱ्यांदा.

"काय गं, रडतेस कशाला?"

"मावशी, सगळ्यांचं उत्तर पाच येतं. माझं मेलं साडेसातच येतं. ढ आहे मी."

"ढबिढ काही नाहीस. मला दाखव बघू काय करतेस ते."

चिमणीने नाक पुसलं आणि समजावू लागली. हा मीटर व्होल्टेज दाखवतो, म्हणजे विजेमागे जोर किती. हा करंट दाखवतो, म्हणजे तारेतून वीज वाहते किती. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की तार किती अडवते ते कळतं. तो रेझिस्टन्स, ओहममध्ये.

काटे मावशींनीच वाचले. तीन व्होल्ट. शून्य पॉइंट चार अँपिअर. भागाकार चिमणीने कागदावर मांडून दिला; साडेसात. मावशींनी एक बॅटरी काढली. दीड व्होल्ट, शून्य पॉइंट दोन. पुन्हा साडेसात.

"आणि भागण्याऐवजी गुणलं की वॉट," चिमणी आता रंगात आली होती. "तीन व्होल्टला एक पॉइंट दोन वॉट. ती सगळी उष्णता होते. हात लावा, तार कोमट लागेल."

तार खरंच कोमट होती.

"मग चुकलं कुठे?"

चिमणीने भिंतीकडे बोट केलं. सरांनी फार पूर्वी चिकटवलेल्या तक्त्यात लिहिलं होतं: तारेच्या वेटोळ्याचा रेझिस्टन्स, पाच ओहम.

मावशी दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. साडेसात. तिसऱ्याकडे. चौथ्याकडे. पाचव्या टेबलावरही साडेसातच. त्यांना आठवलं. अकरा वर्षांपूर्वी लॅबला रंग दिला, तेव्हा जुनी वेटोळी गहाळ झाली. सर आजारपणाच्या रजेवर होते. मावशींनीच हीटर दुरुस्तीच्या दुकानातून तार आणली आणि मोजून तितकेच वेढे घेऊन पाच नवी वेटोळी गुंडाळली.

"काय गं, तार बारीक असली तर?"

"तर जास्त अडवते."

ती तार बारीकच होती. म्हणजे अकरा वर्षांत एकाही पोराचं उत्तर पाच यायला नको होतं. आणि आलं होतं सगळ्यांचं.

चिमणीला घरी पाठवून त्यांनी कपाट उघडलं. दरवर्षीची चांगली जर्नलं नमुना म्हणून तिथे जपून ठेवलेली असत. पाच. चार पॉइंट नऊ. पाच पॉइंट एक. पाच. सगळ्यांखाली सरांची सही. मग मावशींनी आणखी एक जर्नल उघडलं. मोत्यासारखं अक्षर ओळखीचं होतं. त्यांच्या लेकीचं, नऊ वर्षांपूर्वीचं. तीन व्होल्ट, शून्य पॉइंट सहा अँपिअर, पाच ओहम. ‘उत्कृष्ट’.

काटा शून्य पॉइंट सहावर कधी गेलाच नव्हता. काटे बघण्यात त्यांचा हात कोण धरणार?

लेक आता वीज उपकेंद्रात इंजिनिअर होती. संध्याकाळी ती चपला काढतेय तोच मावशींनी जर्नल पुढे केलं.

"हे सहा कुठून आणलेस?"

लेक हसली. "अगं आई, आम्ही सगळे तसंच करायचो! उत्तर भिंतीवर होतं. त्यावरून मागे आकडे काढायचे."

"आणि काटा?"

"काट्याकडे कोण बघतंय?"

मावशींनी जर्नल मिटलं आणि विचारलं, "आणि आता? तिकडे कामावर?"

लेकीचं हसू मावळलं. "तिथे नाही गं. तिथे माणूस मरतो." मग खाली बघत म्हणाली, "पहिल्या वर्षी एकदा मीटर न बघता कालचेच आकडे उतरवले होते. वरिष्ठांनी पकडलं. तुला सांगितलं नाही."

सकाळी मावशी सरांपुढे उभ्या राहिल्या. "सर, चूक माझी आहे. तार मी बदलली." आणि सगळं सांगून टाकलं. सर आधी म्हणाले, "छे, काहीतरीच काय!" मग त्यांनी स्वतः जोडणी केली. एकदा, दोनदा. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मावशी, तार तुम्ही बदललीत," ते हळूच म्हणाले. "सह्या मी केल्या."

सरांनी तक्ता भिंतीवरून ओरबाडून काढला. वर्गापुढे चिमणीची माफी मागितली. मग मावशींनी वेगवेगळ्या लांबीच्या तारांची पाच वेटोळी गुंडाळली, आणि सरांनी परीक्षेला प्रत्येक टेबलावर वेगळं ठेवलं. कुणाचंच उत्तर आधी कुणाला ठाऊक नव्हतं, सरांनासुद्धा.

बहुतेकांनी काटे नीट वाचले. तीन पोरांनी मात्र तरीही पाचच लिहिलं. सर ते तीन पेपर हातात घेऊन बसून राहिले आणि मावशी त्यांच्या शेजारी.

"आता हो काय करायचं?" मावशींनी विचारलं.

"बोलवा तिघांना," सर म्हणाले. "तुम्हीच वाचायला शिकवा काटा."

निवृत्तीपर्यंत रोज तास सुटल्यावर मावशी तेच करत राहिल्या.