काचवाल्याचं इंजेक्शन

गल्लीत कुणाची खिडकी फुटली की लोक म्हणायचे, "काचवाल्याला बोलवा." बत्तीस वर्षं तो हेच काम करत होता. माप दोनदा घ्यायचा, कटर एकदाच फिरवायचा, मग काच टेबलाच्या कडेवर ठेवून दाबली की ती बरोबर रेघेवर मोडायची. बोटांवर बारीक पांढरे व्रण होते, त्यांचं त्याला काही वाटत नसे. बोलण्यात मात्र तो मुलखाचा कंजूष. त्याची बायको शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायला एका शिवणकामाच्या कारखान्यात जायची. तिथल्या मैत्रिणींना ती सांगायची, "आमच्या ह्यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड घेऊन बसावं लागतं."

चौपन्नाव्या वर्षी त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "गाठ सगळी निघाली, तुम्ही नशीबवान. फक्त तिला चिकटलेल्या दोन्ही बाजूंच्या नसाही काढाव्या लागल्या." त्याने मान डोलावली. जीव वाचला होता, नसांचं काय घेऊन बसायचं?

त्या नसा कशाच्या होत्या ते घरी आल्यावर हळूहळू कळलं. आधी लघवी आवरायची नाही, ते चार-पाच महिन्यांत ताळ्यावर आलं. दुसरं, नवरा-बायकोतलं, मात्र परत आलं नाही. एकदा, दोनदा प्रयत्न झाला. तिसऱ्यांदा तो अर्ध्यातून उठला आणि गादी उचलून बाहेरच्या खोलीत गेला. म्हणाला, "मला सारखं उठावं लागतं, तुझी झोपमोड होते." बायको म्हणाली, "बरं." त्या एका 'बरं'चा त्याने हवा तसा अर्थ लावला, आणि गादी बाहेरच राहिली ती वर्षभर.

डॉक्टरांकडे हा विषय काढायला त्याला तीन खेपा लागल्या. आधी गोळ्या मिळाल्या. त्यांनी डोकं दुखलं, चेहरा लाल झाला, बाकी सगळं होतं तिथेच. मग डॉक्टर म्हणाले, "गोळीला काम करायला नसा लागतात. इंजेक्शनला लागत नाहीत."

"दंडावर?"

डॉक्टरांनी पेनाचं टोक टेबलावरच्या चित्रात कमरेखाली नेऊन ठेवलं. काचवाल्याने दोन्ही गुडघे जवळ घेतले.

शिकवायला एक पोक्त सिस्टर होती. तिने पडदा ओढला आणि वांग्या-बटाट्याबद्दल बोलावं तशा आवाजात बोलायला लागली. सुई केसाएवढी बारीक. बाजूला टोचायची, वर नाही, खाली नाही. आज डावीकडे तर पुढच्या खेपेला उजवीकडे. टोचल्यावर पाच मिनिटं बोटाने दाबून धरायचं. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. बाटली फ्रिजमध्ये. "आणि दोन गोष्टी कानात तेल घालून ऐका. काम झालं नाही म्हणून त्याच दिवशी दुसरं घ्यायचं नाही. आणि चार तासांत उतरलं नाही, तर लाजत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं."

पहिलं इंजेक्शन तिनेच दिलं. दहा-बारा मिनिटांनी त्याने खाली पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दीड वर्षाने आपलंच काहीतरी परत मिळालं होतं, तेही परक्या खोलीत, एका अनोळखी बाईसमोर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टर म्हणाली, "होतं असं. पुष्कळांना होतं," आणि पडद्याबाहेर गेली.

घरी त्याने बायकोला थोडक्यात सांगितलं. तिने विचारलं, "दुखतं का?"

"मुंगी चावल्यासारखं."

"मग ठीक आहे. तुम्हाला बरं वाटत असेल तर..."

वाक्य तिने तिथेच सोडलं, आणि त्यानेही उचललं नाही.

सुट्टीची दुपार ठरली. तो न्हाणीघरात जायचा, कडी लावायचा, सिरिंजमध्ये आठ रेघांपर्यंत औषध भरायचा. बाहेर ती पलंगावर पाय जवळ घेऊन बसलेली असायची, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहावी तशी. काम व्हायचं. पण व्हायचं ते काम उरकल्यासारखं. नंतर ती उठून कपडे घडी करायला लागायची आणि तो बोट दाबून बसलेला असायचा. तरी गादी आत आली होती, हे काही थोडं नव्हतं.

त्यांची लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची. एकदा फ्रिजमध्ये दूध ठेवताना तिला ती बाटली आणि बारीक सिरिंजांचं पाकीट दिसलं.

"बाबा, तुम्हाला इन्सुलिन चालू झालं? आणि मला कुणी सांगितलंही नाही?"

काचवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे.

"हो," तो म्हणाला. "थोडी साखर निघालीय."

झालं. लेकीने घरातली बिस्किटं उचलली. चहात साखर बंद झाली. बापाच्या दुकानाशेजारच्या फोटोफ्रेमवाल्याला तिने बजावलं, "काका, बाबांना गोड देऊ नका हं." फ्रेमवाला दुकानात येऊन म्हणाला, "माणसा, तू आधीच किती कडू, त्यात आता साखर बंद!" काचवाला हसला. बिनसाखरेचा चहा तो सहा महिने प्यायला.

मग ती सुट्टीची दुपार आली. दोनच्या सुमाराला त्याने इंजेक्शन घेतलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली, काहीच नाही. कदाचित सुई नीट बसली नव्हती, कदाचित बाटली जुनी झाली होती. बायको उठायला लागली. "राहू द्या आज. मला उद्याचे डबे घासायचेत."

तिच्या आवाजात त्याला सुटका ऐकू आली. खरोखर होती की त्यालाच वाटली, देव जाणे. तो म्हणाला, "थांब जरा," आणि पुन्हा आत जाऊन कडी लावली. सिस्टरने सांगितलेलं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. तरी त्याने आठ रेघा भरल्या.

या वेळी काम झालं. पण उतरेना. चार वाजता तो म्हणाला, "होईल." पाच वाजता गार पाण्याचं फडकं घेऊन बसला. सहा वाजता दुखायला लागलं, मुंगीसारखं नाही, कुणी चिमट्यात धरून पिळावं तसं. बायको म्हणत होती, "अहो, चला ना." तो म्हणत होता, "कुठल्या तोंडाने जाऊ? काय सांगू तिथे?"

सातला दारावरची घंटा वाजली. सुट्टीच्या संध्याकाळी लेक यायचीच. बाप घामाने डबडबलेला, पांढराफटक, मांडीवर उशी दाबून वाकून बसलेला. "आई, साखर उतरलीय त्यांची!" तिने पेल्यात चार चमचे साखर ढवळली आणि त्याच्या तोंडाला लावली. तो नको नको म्हणत होता, ती ऐकेना. गाडी बोलावली, दोघांना आत बसवलं.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. लेक एका दमात सांगत सुटली, इन्सुलिन चालू आहे, अचानक घाम आला, धड बोलता येत नाही. नर्सने बोटाला टोचून साखर पाहिली. ती बरोबर होती. डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली.

"इन्सुलिन किती वाजता घेतलं? किती युनिट? कोणतं?"

काचवाल्याने डोळे मिटून घेतले. अंगावरची चादर त्याने दोन्ही मुठींत धरली होती.

"आजोबा, बोला. मला कळल्याशिवाय मी काय करणार?"

मग त्याची बायको पुढे झाली. आयुष्यभर दवाखान्यात तिने नवऱ्याआधी तोंड उघडलं नव्हतं.

"त्यांना साखर नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हती. ते इंजेक्शन दुसरं आहे. ऑपरेशननंतरचं. पुरुषांचं. आज दोनदा घेतलं, आणि पाच तास झाले."

डॉक्टरला क्षणात समजलं. लेकीला समजायला थोडा वेळ लागला. तिने आईकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि कान लाल होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग बाहेर गेली.

सुईने साकळलेलं रक्त काढलं, उतरवण्याचं औषध टोचलं, पुन्हा रक्त काढलं. दीड तास लागला. डॉक्टरने वरच्या स्वरात एक अक्षर काढलं नाही, हेच काचवाल्याला जास्त लागलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आत व्रण धरू शकतो. आणखी उशीर केला असता तर कायमचं गेलं असतं."

लेक तीन आठवडे आली नाही. आली तेव्हा बिस्किटांचा पुडा घेऊन आली, टेबलावर ठेवला आणि आईशी गॅसच्या शेगडीबद्दल बोलली. त्या दिवसाचा विषय पुढे कधी निघाला नाही. पण पूर्वी जाताना बापाच्या डोक्यावरून हात फिरवायची, ते बंद झालं.

काही महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, कमी रेघा भरून, एकदा पुन्हा घेतलं. सगळं जसं व्हायचं तसं झालं. पण मधेच त्याला दिसलं, ती त्याच्या खांद्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय.

तो बाजूला झाला. "नको होतं तुला?"

"भीती वाटते."

"आत्ता?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? सुई दुखते का ते मी विचारलं. मला काय हवंय ते एकदा तरी विचारायचंत."

"काय हवं होतं?"

ती उताणी झाली. "आता नाही सांगता येत," ती म्हणाली. "तुम्ही गादी बाहेर नेलीत ना, तेव्हा सांगितलं असतं." मग तिने त्याच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि कूस बदलली. उरलेली औषधं त्याने दुसऱ्या दिवशी दवाखान्यात परत नेऊन दिली.

गादी मात्र आतच राहिली. दोघं एकाच खोलीत झोपत. कधी तिचा हात झोपेत त्याच्या दंडावर पडायचा आणि तो हलायचा नाही. त्यापुढे काही गेलं नाही.

पुढच्या वर्षीच्या तपासणीत रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला. बाहेर बाकावर तो औषधाच्या चिठ्ठीची वाट बघत होता. शेजारी पंचेचाळिशीचा एक माणूस फाईल घट्ट धरून बसला होता. तो हळूच वाकला. "तुमचंही हेच ऑपरेशन ना? एक विचारू? नंतर... घरी... सगळं नीट होतं का हो?"

काचवाल्याने तोंड उघडलं. सांगण्यासारखं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी ते कळेना. तेवढ्यात त्या माणसाचा पुकारा झाला आणि तो आत गेला.

बायको चिठ्ठी घेऊन आली. "चला. काय विचारत होता तो?"

"तेच."

तिने दाराकडे पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसली. "मग थांबूया. सांगा त्याला."

पाऊण तासाने तो माणूस बाहेर आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. काचवाला अर्धवट उठला, "अहो..." म्हणाला. पण त्या माणसाने मान वर केली नाही. जिना उतरून तो रस्त्यावर गेला आणि गर्दीत मिसळला.

"गेला," बायको म्हणाली. काचवाला आणखी थोडा वेळ जिन्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं बस पकडायला निघाली.