सड्यावरचा पंप

देशाच्या सौरऊर्जेचा आढावा पेपरात आला की मुलगा तो मोठ्याने वाचून दाखवतो. इतके पंप, इतकी गावं. सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. आमच्या स्लॅबवरचे पॅनल उत्तम चालतात. पण त्या बेरजेत बरीच वर्षं एक खोटा पंप होता आणि तो मी घातलेला होता.

निवृत्तीला काही वर्षं उरली होती. बसवलेले सौरपंप चालतात की नाही हे तालुक्यात फिरून पाहायचं काम माझ्याकडे होतं. मालवणच्या दक्षिणेला, कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, एक लहान वाडी आहे. मे महिन्याच्या दुपारी मी घाटीची पायवाट चढून गेलो, तर पॅनलवर मीठ लावलेली आमसुलं पसरलेली. आमच्याकडे त्यांना सोलां म्हणतात. एक बाई ती परतत होती.

"वयनी, पंप आसा मां?"

"आसा तर! जातलो खंय?" ती हसली. "ह्यो तुमचो सोलार, आणि ही आमची सोलां. पाणी येणा नाय, पण सोलां झक्कास सुकतत."

मीही हसलो. पाणी कधीपासून बंद आहे, असं विचारलं.

"पावसापासून थेंब येवक नाय. परत खालच्या बावीवर जातंव. साहेब, आसा म्हणान लिवा, पण चालता म्हणान लिवू नकात."

फॉर्मवर दोन रकाने होते: संच आहे का, संच चालू आहे का. प्रत्येक बंद संचासाठी कारणांचं वेगळं परिशिष्ट जोडावं लागे, वरून विचारणा होई. त्याच आठवड्यात माझ्या बढतीची फाईल वर गेली होती. घाटी उतरून मी गाडीच्या सीटवर फॉर्म ठेवला आणि दोन्ही रकान्यांत 'होय' लिहिलं.

पुढच्या वर्षी वाडीचा दुरुस्तीचा अर्ज आला, तोही माझ्याच टेबलावर. तेव्हा तरी कबूल करता आलं असतं. मी उत्तर लिहिलं: 'सर्वेक्षणानुसार संच चालू स्थितीत असल्याने मागणी विचारात घेता येत नाही.' दोन उन्हाळ्यांनंतर ती बाई भरलेली कळशी घेऊन घाटीत पडली, खुबा मोडला. ही बातमी मी बाजारात ऐकली आणि मासे घेऊन घरी आलो.

यंदा, इतक्या वर्षांनी, मी ऑफिसात जाऊन लेखी दिलं की ती नोंद खोटी होती. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं. "काका, तो संच मुदत संपली म्हणून यादीतून निघालाय. शेवटपर्यंत चालू होता असं दिसतंय." तिने माझा कागद ठेवून घेतला, तेवढंच.

मग मी वाडीवर गेलो. निम्मी घरं बंद होती, माणसं गोव्याला कामाला गेलेली. ती बाई काठी टेकत बाहेर आली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, अर्जाच्या उत्तरासकट.

"तुमी लिवलात?" तिने विचारलं. "माका वाटलेला, खंयचो तरी मुंबयचो सायब असतलो. तुमी तर हयसर येवन बघून गेललास."

"चूक झाली, वयनी."

"मगे आता पंप दुरुस्त करूक येतले?"

"नाही. तो यादीतच नाही आता."

"मगे माका सांगान तुमका बरा वाटला," ती म्हणाली. "माझा काय?"

खरं तर मला बरं वाटावं म्हणूनच मी गेलो होतो. ते तिने ओळखलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ऑफिसात गेलो आणि दुसरा अर्ज दिला. त्यात माझ्या चुकीबद्दल काही नाही, फक्त वाडीला पाणी हवं एवढंच आहे. पोच मिळाली आहे. दर सोमवारी जाऊन विचारतो. अजून काही झालेलं नाही. ती अर्धी कळशी घेऊन, काठी टेकत, अजून खालच्या विहिरीवरूनच पाणी आणते.