खुर्चीच्या पाठीवरचा हात

आसावरीवहिनींना गाडी झकास चालवता यायची, पण लायसन्सची मुदत मात्र नवऱ्याच्या व्हिसावर. नागपूरला चित्रकलेत पहिल्या आलेल्या या बाईंच्या नावावर अमेरिकेतल्या एडिसनमध्ये चार वर्षांत साधं विजेचं बिलही नव्हतं.

२००६च्या उन्हाळ्यात एका म्युझियमनं त्यांना लोकांना चित्रं समजावून सांगायला घ्यायचं ठरवलं. काम बिनपगारी, म्हणजे व्हिसालाही चालणारं. शनिवारी दहा मिनिटं बोलून दाखवायचं, की नेमणूक पक्की.

शुक्रवारी त्या लायसन्स ऑफिसातून हात हलवत परतल्या. त्यांचा नवरा शैलेंद्र, म्हणजे आमचा टीम लीड, माझ्याबरोबर मॅच बघत होता.

“माझी इथं राहायची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलीय म्हणे. एक्स्टेन्शनचा फॉर्म भरलास ना?”

“कंपनीच्या वकिलानं भरला की.”

“तुझा. बायकोचा आपण वेगळा भरायचा असतो.”

“मग राहिला असेल. एवढं काय! इंडियात जाऊन व्हिसाचा नवा शिक्का आण. आईकडे आराम पण होईल.”

कोडमधल्या एका स्वल्पविरामासाठी आम्हाला रविवारी बोलावणारा हाच तो महापुरुष.

शनिवारी वहिनींना मी घेऊन गेलो. चित्र अठराव्या शतकातलं. नवरा ऐटीत उभा, बायको बसलेली, पायाशी कुत्रं.

“चित्रकारानं कुत्र्याचा केस न् केस रंगवलाय,” वहिनी म्हणाल्या, “पण खालच्या पाटीवर हिचं नाव नाही. नुसतं ‘आणि पत्नी’. खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात बघा. सगळे म्हणतात, आधार दिलाय. हिनं उठून बघावं, मग कळेल.”

परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ऑक्टोबरपासून या, म्हणाले.

विमानाच्या दिवशी शैलेंद्रनं त्यांच्या हातात फाइल दिली. त्याच्या पगाराच्या स्लिपा, पासपोर्टची कॉपी, बायकोचा खर्च मी करतो असं सहीचं पत्र. वहिनींनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि फाइल त्याच्या मांडीवर ठेवली.

“अगं, याच्याशिवाय शिक्का मिळणार नाही! तुझ्या म्युझियमचं काय?”

“येत नाही म्हणून कळवलंय. रडून झालंय माझं, तू ऑफिसात होतास.”

“आणि परत कशी येणार?”

“आले तर माझ्या कागदांवर येईन.” त्या माझ्याकडे वळल्या. “रवी, बॅग घे.”

शैलेंद्र दारापर्यंत आला. मला वाटलं, आता तरी हा माणूस माफी मागेल.

“फ्रीझरमधल्या पोळ्या,” तो म्हणाला, “किती दिवस पुरतील?”