नळीचं जेवण

"बसवा बराबर. झोपून कोण जेवतं?" सिस्टर हात धुऊन आईच्या उशाशी आल्या की पहिलं वाक्य हेच. घरात आजारपण काढलेल्यांनी अशी बाई पाहिली असेल: पन्नाशीची, ठेंगणी, स्कूटीवरून येणारी आणि आल्या आल्या घरमालकालाच कामाला लावणारी.

अर्धांगवायूनं आईची वाचा गेली, उजवी बाजू गेली आणि गिळणंही गेलं. पाण्याचा घोटसुद्धा श्वासनलिकेत जायचा, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातली होती. दुपारचं जेवण द्यायला या सिस्टर यायच्या. नळीवरची खूण नाकाशी आहे ना, ते पाहायच्या, गाळलेल्या वरणाचा थेंब मनगटावर टाकून बघायच्या आणि सांगायच्या, "माय, आज मुगाचं वरण हाय. सुनेनं जिरं घातलंय." नळीतून चव कुठली कळणार! पण सांगितल्याशिवाय त्या थेंब सोडायच्या नाहीत.

मी जुन्या जालन्यातला कापड दुकानदार. थांबणं माझ्या स्वभावातच नाही. एकदा म्हटलं, "सिस्टर, सिरिंजच्या दट्ट्यानं ढकला ना. जल्दी होईल."

"तुमच्या घशात भाकर ढकलू का दट्ट्यानं? उतरू द्या आपलं आपण."

मी गुमान दुकानात गेलो.

पुढे भलतंच सुरू झालं. आई डाव्या हातानं नळी उपसू लागली. आठवड्यात दोनदा. दर वेळी दवाखाना, नवी नळी, ती जागेवर आहे का पाहायला एक्सरे. नळी घालताना आईच्या डोळ्यांकडे बघवायचं नाही. पुन्हा काढली तर हात बांधावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी दुकानातून मऊ सुती कापडाची पट्टी फाडून आणली. सांगायला लाज वाटते, पण आणली.

सिस्टरांनी ती पट्टी हातात धरली आणि माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, माय नळी कधी काढतात?"

"जेवण सुरू केलं की. बाराला."

"आन् तुम्ही कधी जेवता?"

"हे दुकानातून आले की. एक वाजता."

"माय चांगल्या होत्या तवा कधी जेवायच्या?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आईची सारी उमर हसनाबादला शेतीच्या घरात गेली. शेवटचं माणूस जेवल्याशिवाय तिनं कधी ताट घेतलं नाही. वडील शेतातून चारला आले तर चारला. आणि आम्ही तिला रोज सगळ्यांच्या आधी जेवू घालत होतो.

"मंग न्हाई काढणार तर काय!" सिस्टर म्हणाल्या. "तासभर उशीर चालतोय. उद्यापासून समदे इथंच जेवा, त्यांच्या समोर."

दुसऱ्या दिवशी आईच्या खोलीत पंगत बसली. ती एकेकाकडे बघत होती. आमचं झाल्यावर सिस्टरांनी वरण सोडलं. डावा हात चादरीवर शांत पडून राहिला. त्या पट्टीचे दोन तुकडे करून सिस्टरांनी आईचं तोंड पुसायला ठेवले.

पुढे वर्षभरानं आई गेली. सिस्टर लेकीकडे अंकुशनगरला राहायला गेल्या. त्यांचा विषय निघाला की आम्हाला एकच दुपार आठवते.

त्या दुपारी आमची जेवणं झाली होती. सिस्टर वरण सोडणार, तेवढ्यात आईचा हात नळीकडे गेला. पण तिनं नळी ओढली नाही. नुसती मुठीत दाबून धरली आणि सिस्टरांकडे बघत राहिली.

"काय झालं, माय? समदे जेवले की."

मूठ सुटेना. मग माझ्या बायकोनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही जेवलात?"

"माझं काय, मी चारला डबा खाते, शेवटच्या पेशंटकडं."

बायकोनं ताट वाढलं. सिस्टर खाली बसल्या. दोन घास खाल्ले आणि पदरानं डोळे पुसले. इतके दिवस त्या आमच्या घरी भरल्या दुपारी येत होत्या, आणि आमच्यापैकी एकालाही विचारायचं सुचलं नव्हतं.

त्यांनी सगळी भाकर संपवली. मगच आईनं मूठ उघडली.