आक्सलवरची पांढरी रेघ

शहरातल्या मुकुंदवाडीहून सकाळी निघालो तेव्हा मामांनी आधी जीपच्या बोनेटवरून हात फिरवला. जीप त्यांच्या जन्माआधीची, पण तीन आठवड्यांपूर्वी तिच्यात जवळपास दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं होतं. माझी मामेबहीण वैशालीताई अजिंठ्याला दिलेली. तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. ती याच जीपमधून सासरी गेली, याच जीपमधून परत यावी, एवढीच मामांची हौस.

माझं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. इंजिन नवं, पण मागचा आक्सल (चाक फिरवणारा पोलादी दांडा) जुनाच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या गिअरमध्ये एवढा पीळ त्या दांड्याला सोसणार नाही, असं माझं गणित सांगत होतं. पण गणित चुकलं असलं तर? इंजिन बसवताना मी दांड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारली होती. दांडा पिळला तर रेघही वळते, असं वर्कशॉपच्या सरांनी सांगितलं होतं. तेव्हा मामा हसले होते, "गंध लावायला का रे त्याला?"

चौक्याचा घाट जीप सरसर चढली. "बघ, कशी पळायली!" मामा म्हणाले. मला फक्त क्लच सोडताना मागून येणारा 'टक्' ऐकू येत होता. फुलंब्रीला चहा-भजी घेतली. माझी भजी गार झाली, मामांनीच संपवली. पुढं दोन्हीकडं मका आणि कपाशी. माझी नजर सारखी मागच्या चाकाकडं. या जीपचा आक्सल तुटला, तर चाकच निखळून बाहेर येतं.

सिल्लोडला गॅरेज दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, थांबा. आक्सल काढून बघू."

"कामून? चांगली चालायली की!"

"ताई बसणार आहे यात."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "लई इंजिनिअर झाला," असं पुटपुटत त्यांनी जीप गॅरेजात घातली.

चाक उतरलं, दांडा ओढून काढणारा पुलर लागला, ग्रीसनं माखलेला दांडा बाहेर आला. म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो फडक्यानं पुसला. रेघ निम्म्यापर्यंत सरळ होती. पुढं ती वळत वळत दांड्याच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. टोकाचे दातेही तिरके झाले होते.

"इंजन घोडे का, पाय बकरी के," मिस्त्री म्हणाले. "जाडा आक्सल मंगाव, चांगल्या पोलादाचा. दोन्ही बाजू बदल. तब तक गाडी हिला मत, मियाँ."

मामा बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग जीप तिथंच ठेवून आम्ही एसटीनं अजिंठ्याला गेलो.

ताई दारातच म्हणाली, "जीप कुठंय, आबा?"

"दवाखान्यात," मामा म्हणाले.

परतीच्या एसटीत ताई खिडकीशी बसली. सिल्लोडला एसटी थांबली तेवढ्यात मामा उतरले आणि नव्याच्या मापासाठी पोत्यात गुंडाळलेला तो दांडा घेऊन आले. आता तो आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा होता. सकाळभर बोलायचं बोलायचं म्हणत मी चौका, फुलंब्री ओलांडून गेलो होतो. त्यातला कुठलाही चढ शेवटचा ठरू शकला असता. आता रस्ता तोच होता, पण डोळे मिटत होते.

शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा मामांनी मला कोपरानं हलवलं.

"नवे आक्सल आले की रेघ तूच मार," ते म्हणाले. "आन् पुढच्या बारीला घरीच बोलत जा."