बिनविरोधचा फ्लेक्स

फळ्यावर सरांनी लिहिलं, व्होट बँक. मार्करला टोपण लावलं आणि आमच्याकडं वळून विचारलं, "एक्झाम्पल?"

सगळे पहिली शिफ्ट करून आलेले, डोळ्यांवर झोप. चाकणची कंपनी, वरच्या मजल्यावरचा ट्रेनिंग हॉल, शनिवारचा स्पोकन इंग्लिशचा क्लास. बाहेर निवडणुकीच्या रिक्षा भोंगे लावून फिरत होत्या, म्हणून सरांनी त्या दिवशी विषय धरला होता, इलेक्शन आणि कॅम्पेनचे शब्द.

सर माझ्या खुर्चीजवळ आले. गळ्यातलं माझं आयकार्ड उलटं झालं होतं. त्यांनी ते मार्करच्या टोकानं सुलटं केलं. बोट लावलं नाही हं, मार्कर लावला. आडनाव वाचलं आणि वर्गाला म्हणाले, "द बेस्ट एक्झाम्पल इज सिटिंग राइट हिअर. हे लोक एकगठ्ठा मतदान करतात. एकानं सांगितलं की सगळे तिकडं."

हॉल हसला. माझ्या शेजारची हसली नाही. ती सुनीता, माझ्याच टेबलावर वायरिंगचं काम करते. बाकी सगळे हसले.

मग म्हणाले, आता खोटी खोटी निवडणूक घेऊ. कँडिडेट कोण होणार? मी हात वर केला. डोक्यात तिडीक गेली होती म्हणून केला. सरांनी माझ्याकडं बघितलं. "रिझर्व्ह सीट असती तर तुलाच दिली असती," असं म्हणाले.

कँडिडेट झाला किरण. किरण स्टोअरमध्ये आहे. कंपनीच्या बसचं आणि कँटीनचं कंत्राट ज्या अण्णांकडं आहे, त्यांचा पुतण्या. शॉपफ्लोअरवर त्याला शेठ म्हणतात, सरसुद्धा शेठ म्हणायचे. त्याचा एक दोस्त कॅम्पेन मॅनेजर झाला, दुसरा स्पोक्सपर्सन. मला सर म्हणाले, "तू ग्रासरूट्स वर्कर."

"म्हणजे काय करायचं सर?"

किरण बसल्या जागेवरून म्हणाला, "सतरंज्या उचलायच्या, ताई."

तिथं सतरंजी नव्हती, म्हणून मला खुर्च्या उचलायला लावल्या. किरण टेबलाशी उभा राहून इंग्लिशमध्ये भाषण ठोकत होता, सर टाळ्या वाजवत होते आणि मी लोखंडी खुर्च्या भिंतीशी नेऊन एकावर एक रचत होते. त्या खुर्च्यांचा आवाज अजून कानात आहे.

घरी, भोसरीला, आईला सांगितलं. आई म्हणाली, "पर्मनंटची नोकरी हाय बाई. कशाला अंगावर ओढून घेतेस?" बाबांनी सगळी हयात एमआयडीसीत लेथवर काढली. ते कमी बोलतात. जेवून हात धुतला आणि एवढंच विचारलं, "मग तू रचल्यास खुर्च्या?"

रचल्या म्हटलं. ते आत निघून गेले. सरांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दोन-तीन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. आमच्या गल्लीत दर निवडणुकीला माणसं येतात. विहारात येऊन हात जोडतात, बुद्धमूर्तीसमोर फोटो काढतात, वस्तीत मतं किती आहेत ते आमच्यातल्याच एखाद्याला कोपऱ्यात घेऊन विचारतात. ड्रेनेज का तुंबतंय हे आजवर एकानं विचारलेलं मी ऐकलं नाही. आम्हाला फक्त मोजतात. मग सर तरी वेगळं काय बोलले? त्यांनी ते इंग्लिशमध्ये फळ्यावर लिहिलं, इतकंच.

आणि त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर कागद लागला. वर्क्स कमिटीवर कामगारांचा प्रतिनिधी निवडायचा. नॉमिनेशन, प्रपोजर, सेकंडर, विथड्रॉवल. शनिवारी शिकवलेले सगळे शब्द तिथं ओळीनं होते.

आमच्या कंपनीत ही निवडणूक कधी झालीच नव्हती. अण्णांचा माणूस अर्ज भरतो, दुसरा कुणी भरत नाही, पेढे वाटतात. गेल्या वेळी किरणच होता. बिनविरोध म्हटलं की गावाला मान वाटतो, एचआरलाही बरं वाटतं, लाइन थांबत नाही. आणि कमिटीत बसून किरण करतो काय? मुलींची बस. दुसऱ्या शिफ्टची बस आम्हाला हायवेच्या फाट्यावर सोडते. तिथून कुरुळीतल्या खोलीपर्यंत सुनीता अंधारात चालत जाते. तिच्यासारख्या कितीतरी जणी जातात. बस गावात न्या म्हणून आम्ही किती वेळा सांगितलं. पण बस काकांची आणि तक्रार घेणारा पुतण्या. तो कशाला तोंड उघडतोय?

मी नॉमिनेशनचा फॉर्म आणला.

सुनीताला म्हटलं, प्रपोजर हवा. ती म्हणाली, "टाक माझं नाव. काय करायलेत ते मला, खायलेत का?" लातूरकडची आहे ती, बोलताना हातातलं काम सोडत नाही. सेकंडरला मात्र मी फिरले. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाते त्या म्हणाल्या, घरी विचारून सांगते. एक जण म्हणाला, "मॅडम, तुमचं मत बरोबर आहे, पण माझं नाव नको." शेवटी पॅकिंगमधले ज्ञानोबाकाका स्वतःहून आले. इथल्याच गावचे, अण्णांच्या भावकीतले. मला वाटलं समजवायला आले.

"दे हिकडं," म्हणाले. "कुटं करायची सही?"

"काका, तुम्हाला त्रास होईल."

"माजी बी जिमीन हितंच गेली. शेठ त्योच झाला. आमाला कोन इचारतंय? दे."

मग कॅम्पेन. सरांनी कॅनव्हासिंगचा अर्थ सांगितला होता, दारोदार जाऊन मतं मागणं. मी ते हात धुवायच्या नळाशी केलं, बसमध्ये उभ्यानं केलं, लॉकर रूममध्ये केलं. मॅनिफेस्टो म्हणजे माझं एकच वाक्य होतं, बस गावात जाईल. काही जणी माझ्याशी बोलायच्या आधी आजूबाजूला बघून घ्यायच्या.

नावं मागं घ्यायच्या दिवशी सकाळी बसमधून उतरले तर गेटसमोर हा एवढा फ्लेक्स. वर अण्णा, खाली गॉगल घातलेला किरण. 'वर्क्स कमिटीवर बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार.' मी अजून उभी होते. माझं नाव बोर्डावर होतं. मुदत पहिली शिफ्ट सुटेपर्यंत होती. पण यांच्या डोक्यात कधी आलंच नाही की कुणी मागं घेणार नाही. सवय झालेली. फ्लेक्सवाल्याला आदल्या दिवशीच सांगून मोकळे.

मी तिथं उभी राहून खूप हसले. सुनीता म्हणाली, चल गं, पंचिंगला उशीर व्हायलाय.

दुपारी एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आत अण्णा बसले होते, शेजारी किरण. मला कुणी बस म्हटलं नाही. टेबलावर फॉर्म आणि त्यावर पेन. विथड्रॉवल. फक्त सही करायची बाकी.

मॅडम म्हणाल्या, "अगं, समजून घे. फ्लेक्स लागलाय. आता त्यांची काय इज्जत राहील?"

अण्णा गोड बोलले. "पोरी, तुला कुटं बोलता येनार हाय साह्यबांफुडं? समदं इंग्लिशमदी आस्तंय. आन आपली जयंती हाय की. स्टेज, मांडव, सगळा खर्च माज्याकडं. तुज्याच हातानं कर उद्घाटन."

आपली जयंती म्हणाले. कधीपासून आपली झाली, कोण जाणे. अंगाची लाही लाही झाली. पण खरं सांगते, आईचं पर्मनंट नोकरीचं बोलणं डोक्यात होतं. पेन अगदी समोर होतं. आणि मला खुर्च्या दिसल्या. भिंतीशी एकावर एक, माझ्याच हातांनी रचलेल्या.

कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची होती. मी ती ओढली, टेबलासमोर ठेवली आणि बसले.

"मॅडम, फ्लेक्स त्यांनी लावला. उतरवतीलही तेच. मी उमेदवार आहे. माझं नाव बोर्डावरून निघणार नाही."

किरण म्हणाला, "पडशील."

"पडेन. पण मतं मोजून पडेन. आणि जयंती आम्ही आमच्या वर्गणीतून करतो अण्णा, पूर्वीपासून."

शिफ्ट सुटेपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठले नाही. सुपरवायझर दोनदा डोकावून गेला. भोंगा झाला तेव्हा मॅडमनी बिनसहीचा फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. मी बाहेर आले तर गेटवर दोन जण शिडी लावून फ्लेक्स सोडवत होते. सगळी शिफ्ट थांबून बघत होती. ज्ञानोबाकाका सायकल धरून उभे होते.

कंपनीत पहिल्यांदा मतदान झालं. मी पडले.

पण मला मत दिलेल्या मुली लातूरच्या आहेत, कोकणातल्या आहेत, एक-दोन तर अण्णांच्या गावच्या आहेत. नंतर नळाशी येऊन हळूच सांगून गेल्या. त्यांना कुणी एकानं काही सांगितलं नव्हतं. फाट्यावरून चालत जायचं त्यांना स्वतःला माहीत होतं.

पुढच्या शनिवारी क्लासला गेले. पहिल्या रांगेत बसले. आयकार्ड सरळ होतं, आडनाव समोर. सरांनी मार्कर उघडला, माझ्याकडं बघितलं आणि सरळ टेन्सेस काढले. क्लास संपल्यावर म्हणाले, जरा खुर्च्या लावता का कुणी. मी पिशवी उचलली आणि त्यांच्यासमोरून बाहेर पडले.

बस अजून फाट्यावरच थांबते. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या वेळीही माझा अर्ज असणार, त्याच्या पुढच्या वेळीही. मला नोकरीवरून काढायचं असेल तर कारण लिहून द्या. गप बसवायचं असेल तर मतानं बसवा. पेन पुढं ठेवू नका, मी उचलणार नाही.

आणि किरणशेठ, फ्लेक्स छापायची घाई करू नका.