मामा मागे बसले तेव्हा

हवेत असणारी माणसं नागपुरात गल्लोगल्ली सापडतील. पण हवेत राहिल्याबद्दल सरकारकडून पेन्शन घेणारे माझ्या पाहण्यात एकटे माझे मामासासरे. वायुदलाची मालवाहू विमानं त्यांनी तीस वर्षं चालवली आणि निवृत्त होऊन मनीषनगरात फ्लॅट घेतला. विमान गेलं, मालवाहूपणा राहिला. माणूस दिसला की मामा आधी त्याचं वजन अंदाजतात, मग नाव विचारतात. एकदा वाडीला लग्नाला निघालो होतो, तर गाडीचा तोल बिघडू नये म्हणून त्यांनी माझ्या थोरल्या मेहुणीला दोनदा उतरवलं. "बेबी, तू मधात बस. गाडी डाव्या बाजूले झुकून राहिली." ती अजून त्यांच्याशी बोलत नाही, आणि मामांना ते अजून कळलेलं नाही.

आपण कूलर लावतो म्हणजे बटण दाबतो. मामांकडे त्याची, उड्डाणाआधी तपासतात तशी, यादी आहे. ते हॉलमधून गरजतात, "पाणी?" स्वयंपाकघरातून मामी म्हणतात, "भरलं." "पंप?" "चालू." "खिडकी?" "उघडी हाय, अन् इकडे पोळी जळून राहिली." त्यावर मामा गंभीरपणे, "यादीत नसलेलं बोलू नको वं." सोसायटीच्या झेंडावंदनाला दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "साहेब, दुश्मनाचे किती विमान पाडले?" मामा ताठ मानेनं सांगतात, "एकही नाही. कांद्याचे पोते पाडले. बरोबर ठाण्यावर." बर्फातल्या लष्करी ठाण्यांना त्यांनी पीठ, रॉकेल, जिवंत बकऱ्या, सगळं पोचवलं. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मामांचा कधीच पडत नाही.

आणि हाच माणूस प्रवासी म्हणून विमानात पाऊल ठेवायला तयार नसे. "चालवणारा कोण, त्याची झोप झाली का नाही, काही पत्ता नाही. मी नाही बसत." लेक बंगळुरूला, तिच्याकडे जायचं ते रेल्वेनंच. यंदा तिला मुलगी झाली आणि नेमके मामींचे गुडघे इतक्या लांबच्या रेल्वेप्रवासाला नाही म्हणू लागले. "पुढच्या वर्षी पाहू," मामा म्हणाले. मामींनी लाटणं खाली ठेवलं. "बकऱ्याइले विमानात नेलं तुमी. मले काहून नाही नेलं? नातीचं तोंड पाहाचं हाय मले. मी चालली एकटी." मामांनी बॅगा काढल्या आणि त्यांची वजनं करायला घेतली. मलाही कामासाठी बंगळुरूला जायचंच होतं, म्हणून मी तिघांची तिकिटं काढली.

विमानात मामी खिडकीशी, मधे मामा, कडेला मी. मामांनी प्रवासी कसे चुकीचे बसवलेत ते मला समजावलं, हवाई सुंदरीला पायलटचं वय विचारलं, आणि पुढच्या गृहस्थांच्या वजनाबद्दल जरा मोठ्यानंच मत दिलं. मी खाली मान घालून बसलो. मग इंजिनांचा आवाज चढला. मामांचे पाय समोरच्या सीटखाली काहीतरी दाबायला शोधत होते. हात वर उचलले गेले आणि धरायला काहीच सापडेना, तेव्हा मामींच्या मनगटावर येऊन पडले. डोळे गच्च मिटलेले. घरी जाऊन ही फजिती कशी रंगवून सांगायची, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

"इथं बसून मले काहीच करता येत नाही वं," मामा पुटपुटले.

मामी खाली लहान होत चाललेलं नागपूर पाहत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "तीस वर्षं मी तशीच बसली होती."

मामांनी डोळे उघडले आणि मामींकडे वळून पाहिलं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बंगळुरू येईपर्यंत मामांनी ते मनगट सोडलं नाही, आणि मामींनीही ते सोडवून घेतलं नाही.